मोठ्या भूचर कासवांसाठी आवार : आखणी, बांधणी आणि उत्तरदायित्व

वखार बांधावयास निघालेला व्यापारी प्रथम भिंतीचा विचार करीत नाही. आत काय ठेवावयाचे आहे याचा विचार करतो. गव्हाची वखार निराळी, गुळाची निराळी. मालाचा स्वभाव ओळखून जो जागा बांधतो त्याचा माल टिकतो, आणि जो आधी भिंती उभ्या करून मग माल आणतो त्याचा माल सडतो. हे धोरण आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु हेच व्यापारी घरी एखादा मुका जीव आणतात तेव्हा मात्र हा साधा नियम विसरला जातो. म्हणून या वर्षीच्या स्मरणिकेत बाजारभावाचा विषय बाजूस ठेवून मोठ्या भूचर कासवांच्या आवाराविषयी चार उपयुक्त गोष्टी सभासद बंधुभगिनींपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

विषय काहींस चमत्कारिक वाटेल. परंतु खजराना आणि त्याच्या आसपासच्या वस्त्यांत जेथे पूर्वी शेते होती तेथे आता बंगले झाले आहेत, बंगल्यांमागे थोडी मोकळी जमीन आहे, आणि अशा काही घरांत परदेशी जातीची कासवे पाळलेली आम्ही पाहिली आहेत. घरात कासव असले म्हणजे लक्ष्मी स्थिर राहते, असा एक समज यामागे असतो. विकत आणताना ते तळहातावर मावते. दहा वर्षांनी दोन माणसांस उचलवत नाही. मग ते कधी गच्चीवर, कधी मोटारीच्या छपराखाली, तर कधी न्हाणीघराच्या बोळात दिवस कंठते. ज्या समाजात जीवदया हा शब्द मूल जन्मापासून ऐकते, त्या समाजाने या गोष्टीकडे डोळेझाक करणे बरे नव्हे. विसावे तीर्थंकर श्रीमुनिसुव्रतनाथ यांचे लांछन कासव आहे. लांछनातील कासवास आपण हात जोडतो. अंगणातील कासवास मात्र हात जोडून भागत नाही, त्याला जागा, ऊन, पाणी आणि गवत द्यावे लागते.

कोणते कासव, आणि कोणते नव्हे

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. पाठीवर पिवळ्या ताऱ्यांची नक्षी असलेले आपले देशी तारा-कासव घरी ठेवणे हा गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ सालचा. त्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीने या कासवास पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत, स्थान मिळाले. त्यापूर्वी २०१९ साली आंतरराष्ट्रीय करारानेही त्याच्या व्यापारावर कडक बंदी घातली होती. ज्यांच्या घरी असे कासव असेल त्यांनी आवार बांधण्याच्या भानगडीत न पडता ते वनखात्याच्या स्वाधीन करावे. दयेने पाळले, हे उत्तर कायद्यापुढे चालत नाही, आणि चालूही नये. कारण घरोघरी दयेने पाळावयाची कासवे कोणी तरी रानातूनच पकडून आणलेली असतात.

राहता राहिली परदेशी कासवे. त्यांपैकी आपल्याकडे विशेष आढळते ते आफ्रिकेतील सल्काटा. सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेवरील कोरड्या गवताळ पट्ट्यात त्याचे मूळ घर. जगातील भूचर कासवांत आकाराने त्याचा क्रमांक तिसरा लागतो. पूर्ण वाढलेला नर सहज पन्नास किलोंचा, म्हणजे आजच्या धान्याच्या एका पोत्याइतका, होतो. काही याहूनही बरेच मोठे होतात. याही कासवांच्या ताब्याची नोंद २०२४ साली निघालेल्या नियमांप्रमाणे ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर करणे बंधनकारक आहे. ज्याच्यापाशी नोंदणीचा कागद नाही, त्याने विटा आणण्यापूर्वी तो कागद करून घ्यावा. बिल नसलेला माल वखारीत घेऊ नये, हा आपला जुना दंडक येथेही लागू आहे.

आणि ज्यांच्या घरी अद्याप कासव आलेले नाही, त्यांस आमचा सल्ला एका वाक्याचा आहे : आणू नये. पुढील सर्व विवेचन, ज्यांच्या घरी ते आधीच आलेले आहे, त्यांच्यासाठी आहे.

देहाची घडण

कासवाचे कवच म्हणजे अंगावर घातलेला अंगरखा नव्हे. पाठीचा कणा आणि बरगड्या एकजीव होऊन ते बनलेले असते. त्यात रक्त खेळते, त्याला संवेदना असते. दोरी बांधण्यासाठी कवचास भोक पाडण्याची जी रीत कोठे कोठे दिसते, ती म्हणजे जिवंत हाडास भोक पाडणे होय. कवचास रंग देणे, त्यावर नाणी चिकटविणे, हे प्रकारही तितकेच वर्ज्य समजावेत.

दुसरे, कासवाचे रक्त आपल्यासारखे स्वतःची ऊब राखीत नाही. त्याला ऊब बाहेरून, सूर्यापासून, मिळवावी लागते. अंग उबदार असेल तरच पोटातील गवत पचते; थंडीत भरल्या पोटी राहिलेल्या कासवाच्या आतड्यात चारा तसाच कुजतो. हाडांस लागणारे जीवनसत्त्व ‘ड’ त्याच्या अंगात उन्हातील अतिनील किरणांमुळे तयार होते, आणि हे किरण खिडकीची काच बहुतांशी अडविते. म्हणून काचेआडचे ऊन हे ऊन नव्हे.

तिसरे, त्याची फुफ्फुसे पाठीच्या कवचाखाली असतात आणि त्याला आपल्यासारखे खोकता येत नाही. छातीत साचलेला कफ सहजासहजी बाहेर पडत नाही, यास्तव ओल आणि थंडी एकत्र आली की त्याचा आजार गंभीर होतो. धान्यास ओल लागली तर ते निदान वासाने कळविते. कासव तेही कळवीत नाही. नाकातून पाणी दिसू लागेपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असतो.

या तीन गोष्टी ध्यानी ठेवल्या म्हणजे आवाराची सर्व आखणी त्यांतून आपोआप निघते : ऊन भरपूर, जमीन कोरडी, आणि रात्री ऊब.

जागा आणि जमीन

एका प्रौढ सल्काटासाठी तीस फूट लांब व वीस फूट रुंद यापेक्षा लहान आवार करू नये, असे आमचे मत आहे. अधिक जागा असल्यास ती अवश्य द्यावी. हे कासव दिवसभर चालत चरणारे जनावर आहे. अरुंद जागेत ते भिंतीच्या कडेने फेऱ्या घालीत राहते. पूर्व आणि दक्षिण बाजू मोकळी असावी, म्हणजे थंडीत सकाळचे कोवळे ऊन लवकर लाभते.

माळव्यातील खरी अडचण आहे ती काळ्या मातीची. हीच माती आपणांस गहू, हरभरा आणि सोयाबीन देते, तिची निंदा आम्ही करणार नाही. परंतु पावसाळ्यात ती फुगते, पाणी धरून ठेवते आणि तिचा राड होतो. उन्हाळ्यात तिला पाय अडकेल अशा भेगा पडतात. सल्काटा हा जातिवंत खणणारा आहे. मायदेशी तो कित्येक फूट खोल बिळे खणून ऊन टाळतो. आपल्या काळ्या मातीत त्याने असे बीळ खणले तर मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात ते पाण्याने भरते किंवा वरून खचते, आणि आतील जीव आतच राहतो.

सबब आवाराचा निदान अर्धा भाग उंच करावा. वरची काळी माती फूट-दीड फूट काढून तेथे मुरूम भरावा, चांगला ठोकून घ्यावा, आणि भोवतालच्या जमिनीपेक्षा तो भाग एक फूट वर आणावा. पृष्ठभागास पन्नास फुटांस एक फूट या बेताने उतार द्यावा आणि खालच्या कडेने उघडी नाली काढावी. उरलेल्या अर्ध्या भागात हराळी वाढू द्यावी. या गवताचे दोन तुकडे करून आळीपाळीने चरू दिले म्हणजे एक तुकडा विसावा घेतो. चकचकीत फरशीवर किंवा संगमरवरावर कासव कधीही ठेवू नये. पाय घसरून फाकतात आणि सांधे बिघडतात.

भिंत

जाळीचे कुंपण स्वस्त पडते, परंतु ते या कामी निरुपयोगी आहे. ज्याच्या पलीकडचे दिसते त्यातून पलीकडे जाता येते अशी कासवाची समजूत असते. ते जाळीस तासन्‌तास रेटीत राहते, तोंड आणि पाय सोलून घेते, आणि अखेरीस जाळीच वाकविते. यासाठी भिंत आरपार न दिसणारी हवी.

आपल्या भागात याला एक सोपा उपाय आहे. कोट्याच्या दगडी फरश्या उभ्या गाडून शेताची कुंपणे करण्याची चाल राजस्थान-माळव्यात जुनी आहे. चार फूट उंचीच्या जाड फरश्या दोन फूट जमिनीत आणि दोन फूट वर अशा गाडाव्यात, सांधे सिमेंटने भरावेत. विटांची भिंत करावयाची झाल्यास तिचाही पाया दोन फूट खोल असावा. भिंतीच्या आतल्या पायथ्याशी दोन फूट रुंदीच्या फरश्या आडव्या अंथराव्यात. कासव बहुधा भिंतीच्या कडेलाच खणावयास सुरुवात करते, आणि तेथे दगड लागला की ते दुसरीकडे वळते. कोपरे काटकोनात न ठेवता गोलसर करावेत. काटकोनी कोपऱ्यात कासव उभे राहून चढू पाहते आणि पाठीवर पडते.

आमच्या परिचयाच्या एका घरी या गोष्टीची प्रचिती आली. तेथे कासवासाठी वेगळे आवार नव्हते. बंगल्याच्या कुंपणाची भिंत होती, परंतु तिचा पाया उथळ होता. आषाढात एके दिवशी कासव दिसेना. मुलांनी सगळी गल्ली पालथी घातली. तिसऱ्या दिवशी शेजारच्या पाण्याच्या टाकीखाली, चिखलात अर्धे रुतलेले, ते सापडले. भिंतीखालून त्याने वाट काढली होती. जीव वाचला, पण छातीचा विकार जडला, आणि त्या औषधपाण्यास जो खर्च व जी दगदग झाली, तीत दोन आवारे बांधून झाली असती. भिंत तर पुन्हा बांधावी लागलीच.

निवारा

इंदुरात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहा अंशांच्याही खाली उतरतो आणि मे महिन्यात दुपारी चाळीस ओलांडतो. सल्काटा शीतनिद्रा घेत नाही. थंडीत तो निपचित पडला तर झोपला असे समजून स्वस्थ बसू नये. तो गारठलेला असतो.

निवारा मुरमाच्या उंच भागावर, दक्षिणेकडे तोंड करून बांधावा. आतून सहा फूट लांब, चार फूट रुंद व तीन फूट उंच इतकी जागा एकास पुरते. भिंती विटांच्या, नऊ इंची. तीन बाजूंनी बाहेरून मातीचा भराव द्यावा म्हणजे बिळासारखा समशीतोष्णपणा राहतो. छपरास नुसता पत्रा घालू नये, तो उन्हाळ्यात भट्टी होतो. पत्र्यावर कौले किंवा गवताचा जाड थर द्यावा. छप्पर उचलता येईल असे असावे, नाही तर आजारी कासव कोपऱ्यातून बाहेर काढणे ही शिक्षा होते. दार कासवाच्या रुंदीच्या दीडपट ठेवावे, कारण ते वाढणार आहे, आणि दारावर जाड रबराच्या पट्ट्यांचा पडदा सोडावा.

तळाशी खरबरीत फरशी, तिच्यावर चार-पाच इंच माती आणि वर सुके गवत घालावे. आठवड्यास गवत बदलावे. बुरशी लागलेला चारा किंवा वखारीतील खराब भुसा अंथरुणास वापरू नये. बुरशीचा वास श्वासावाटे आत जातो.

थंडीच्या रात्री निवाऱ्यातील उष्णता पंचवीस अंशांच्या आसपास राखावी. यासाठी उजेड न देणारा विजेचा तापक छतास पक्का बसवावा आणि त्यास उष्णता आपोआप नियंत्रित करणारे यंत्र जोडावे. तारा नळीतून न्याव्यात, कासवाच्या तोंडास व पाठीस लागणार नाहीत अशा उंचीवर. उघडा दिवा गवतावर लोंबत ठेवणे म्हणजे आगीस आमंत्रण देणे होय. वखारवाल्यांस हे निराळे सांगावयास नको. पावसाळी थंड दिवशीही तापक चालू ठेवावा. आपल्याकडे लोक कडाक्याच्या थंडीस भितात, पण श्रावणातील संततधारेची गार ओल कासवास तितकीच घातक आहे.

पाणी, सावली आणि झाडे

वाळवंटाच्या कडेचे जनावर म्हणून त्याला पाणी लागत नाही, ही समजूत चुकीची आहे. पाणी मिळाले की ते मनसोक्त पिते, आणि दीर्घकाळ न मिळाल्यास मूत्राशयात खडे होतात. चार फूट लांब, तीन फूट रुंद असे उथळ कुंड जमिनीच्या पातळीत बसवावे. खोली मध्यभागी चार-पाच इंचांपेक्षा अधिक नको, म्हणजे बसलेल्या कासवाची हनुवटी पाण्यावर राहते. भूचर कासवास पोहता येत नाही. कुंडाच्या सर्व कडा उतरत्या व खरबरीत कराव्यात आणि तळाशी बूच ठेवावे. कासव पाण्यातच घाण करते, म्हणून पाणी रोज बदलावे लागते.

आवाराच्या निदान एक तृतीयांश भागावर दुपारची सावली हवी. तुती आणि जास्वंद ही झाडे सावलीही देतात आणि त्यांची पाने चाऱ्यासही चालतात. फड्या निवडुंगाचे काटे काढलेले तुकडे कासव आवडीने खाते. कण्हेर, पिवळी कण्हेर, धोत्रा आणि गुंज ही झाडे मात्र आवारात तर नकोतच, पण ज्यांची पाने वाऱ्याने आत पडतील इतकी जवळही नकोत. शोभेसाठी लावलेली कण्हेर आपल्या बागांत घरोघरी आहे, म्हणून हे ठासून सांगितले.

चारा

येथे धान्य-व्यापाऱ्याच्या मुखातून विपरीत वाटेल असे एक विधान करणे भाग आहे : कासवास धान्य घालू नये. पुण्य म्हणून पोळी, भिजविलेला हरभरा, डाळ, भात, कधी गोडधोडही त्याच्यापुढे ठेवले जाते, आणि ते खातेही. परंतु त्याची आतडी गवतासाठी घडलेली आहेत. पिष्टमय अन्न आत आंबते. डाळीतील प्रथिने त्यास अवाजवी वेगाने वाढवितात आणि कवच व हाडे वेडीवाकडी होतात. जे अन्न आपणांस पोषक ते सर्व जिवांस पोषक, हा हिशेब चुकीचा आहे.

त्याच्या आहाराचा चार-पंचमांशाहून अधिक भाग ताजे किंवा सुके गवतच असावे. उरलेल्यात तुतीची पाने, जास्वंदीची फुले, निवडुंग. फळे क्वचितच. कवचासाठी चुन्याचा अंश लागतो; त्याकरिता बाजारात मिळणारे समुद्री प्राण्याचे हाड न वापरता खाण्यायोग्य खनिज कॅल्शियम कार्बोनेटची पूड चाऱ्यावर भुरभुरावी. अहिंसेच्या व्रतास बाध न येता काम भागते.

अपघात आणि शत्रू

मोकळ्या कुत्र्यांनी पाय व कवच कुरतडलेली कासवे अनेकदा उपचारास आणावी लागतात. म्हणून आवाराबाहेर पाच फुटांचे दुसरे कुंपण किंवा बंगल्याची भिंत असावी, आणि घरचा कुत्रा कितीही शहाणा असला तरी त्यास आत सोडू नये. थंडीत सुस्तावलेल्या कासवास उंदीर व घुशी कुरतडतात. रात्री निवारा बंद करणे हाच त्यावर इलाज. पिलांस कावळा आणि मुंगूस यांचे भय असते, म्हणून त्यांच्या जागेवर जाळीचे झाकण हवे.

आवारात पायऱ्या, ओटे, मोठे निसटते दगड ठेवू नयेत. पाठीवर उलटलेले कासव उन्हात थोड्याच वेळात तापून मरते, कारण त्यास सावलीकडे सरकता येत नाही आणि अंगाचा भार फुफ्फुसांवर येतो. दोन नर एकत्र ठेवू नयेत. ते एकमेकांस टकरा देऊन उलटवितात. नर-मादी एकत्र ठेवून पिले वाढविणे तर त्याहून वाईट. एका मादीची वर्षाची अंडी म्हणजे डझनावारी जीव, आणि त्या प्रत्येकास पुढे असेच एक आवार लागणार.

महिन्यातून एकदा कासव तोलकाट्यावर घ्यावे आणि वजन वहीत मांडावे. आपल्या दुकानी काटा आहे, वही आहे, सवय आहे. या कामी आपल्यासारखा योग्य पालक दुसरा नाही. दोन महिने लागोपाठ वजन उतरले तर वाट न पाहता पशुवैद्यास दाखवावे. महू येथील पशुवैद्यकीय महाविद्यालय आपणांस फार दूर नाही.

शिल्लक पुढे ओढणे

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. सेंट हेलेना बेटावर जोनाथन नावाचे कासव १८८२ साली नेण्यात आले तेव्हाच ते पूर्ण वाढलेले होते. २०२२ साली त्याचे वय निदान १९० वर्षे धरण्यात आले. कोलकात्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयातील अद्वैत हे अल्डाब्रा जातीचे कासव २००६ च्या मार्चमध्ये गेले. त्याचे वय अडीचशे वर्षे असल्याचे सांगितले जाई, आणि त्याने किती राजवटी पाहिल्या याची मोजदाद लोक कौतुकाने करीत. सल्काटा इतका दीर्घायुषी नसला तरी पन्नास वर्षे आणि त्याहून अधिक जगणे त्यास अवघड नाही. साठीच्या गृहस्थाने आज त्याच्यासाठी आवार बांधले तर त्या आवारातील पहिली काही वर्षेच तो पाहणार. बाकीची मुलाने, आणि कदाचित नातवाने, पाहावयाची आहेत.

म्हणून आवाराच्या आराखड्याबरोबर एक कागदही तयार करावा. आमच्यानंतर हे जनावर कोणाकडे जाईल, त्याच्या चाऱ्याचा व विजेचा वार्षिक खर्च कोठून निघेल, आणि घर विकले गेल्यास काय करावयाचे, हे त्यात लिहावे. ज्याच्याकडे सोपवावयाचे त्यास आधी विचारावे, आणि ताबा बदलल्याची नोंद वनखात्याकडेही करून द्यावी. भागीदारीचा दस्त आपण भागीदार हयात असताना करतो. मृत्युपत्रात दुकान, शेत, दागिने लिहितो. मग जो जीव स्वतःची बाजू मांडू शकत नाही त्याचे नाव त्या कागदावर असू नये काय?

ज्या सभासदांस जागेअभावी असे आवार बांधणे शक्य नाही, त्यांच्यासाठी एक सूचना असोसिएशनपुढे ठेवितो. शहराबाहेर एखाद्या सभासदाच्या जमिनीवर, वनखात्याच्या रीतसर अनुमतीने, दोन-तीन कासवांपुरती स्वतंत्र आवारे सामायिक खर्चाने करता येतील. पांजरपोळांची परंपरा आपल्या समाजास नवी नाही. मुंबईची पांजरपोळ १८३४ सालची आहे. तेथे म्हातारी गुरे आली, जखमी पक्षी आले. कासव आवाज करीत नाही म्हणून ते मागे राहिले, एवढेच. वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घेतला जावा आणि जमीन, खर्च व देखरेख या तिन्हींचा अंदाज काढण्यास तीन जणांची समिती नेमावी, अशी आमची विनंती आहे. खर्चाचा आमचा वाटा आम्ही पहिल्या दिवशी जमा करू.